प्रादेशिक पुरातत्त्व परिषद: गोषवाऱ्यापासून छापील लेखापर्यंतची तयारी

१९२७ च्या ऑगस्टमध्ये पुरातत्त्वज्ञ आल्फ्रेड किडर यांनी अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात उत्खननं करणाऱ्या मंडळींना न्यू मेक्सिकोतल्या पेकोस इथे, आपल्या खोदकामाच्या जागी बोलावून घेतलं. तोवर जो तो आपापल्या खोऱ्यात खणत होता आणि सापडेल त्याला आपापलं नाव देत होता. एकाचा कालखंड दुसऱ्याच्या कालखंडाशी कसा जुळवायचा, हा पेच होता. त्या बैठकीत सगळ्यांनी मिळून प्रदेशाच्या कालक्रमाची एक सामाईक चौकट ठरवली. ती पेकोस वर्गीकरण म्हणून ओळखली जाऊ लागली, आणि पेकोस परिषद अजूनही भरते.

प्रादेशिक परिषदेचं मुख्य काम आजही तेच आहे. मोठ्या आंतरराष्ट्रीय संमेलनात तुमच्या निबंधाचं कौतुक होईल, पण तुमच्या खापराची कड पाहून ‘अशी कड नदीच्या वरच्या अंगालाही मिळते, फक्त तिथे ती खालच्या थरात असते’ असं सांगणारा माणूस तिथे भेटणं अवघड. प्रादेशिक परिषदेत तो दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत बसलेला असतो. म्हणून माझा आग्रह एकच आहे: असा एक प्रश्न घेऊन जा, ज्याचं उत्तर त्या प्रदेशात पायी फिरलेली माणसंच देऊ शकतील. पुढची सगळी तयारी त्या प्रश्नाभोवती करायची.

परिषद कशी निवडावी

परिषदेचं परिपत्रक नीट वाचा. आयोजक कोण, गोषवारे कोण तपासणार, निबंधाला किती मिनिटं मिळणार, आधीच्या वर्षांचे कार्यक्रम उपलब्ध आहेत का, एवढं पाहिलं तरी बरंच कळतं. जुन्या कार्यक्रमपत्रिकेत तुमच्या भागात काम करणाऱ्यांची नावं दिसली तर परिषद तुमच्या कामाची आहे. जिथे जगातल्या सगळ्या विषयांना एकाच सभागृहात जागा आहे, गोषवारा पाठवल्याच्या दुसऱ्या दिवशी स्वीकृती येते आणि पत्रात शुल्काखेरीज फारसं काही नसतं, तिथे जाऊ नका.

विद्यार्थ्यांना, हौशी अभ्यासकांना आणि नोंदणीकृत संस्थेत नसलेल्यांना बहुतेक प्रादेशिक परिषदा दार उघडं ठेवतात. शुल्कात सवलत असते, प्रवासखर्चासाठी लहानशी मदतही असू शकते, पण ती मागावी लागते आणि तिची मुदत गोषवाऱ्याच्या मुदतीच्या आधीही संपू शकते. जमत असेल तर पहिल्या खेपेस नुसतं ऐकायला जा. कोण कशावर काम करतंय, प्रश्न कोणत्या प्रकारचे येतात, याचा अंदाज आला की पुढच्या वर्षीचा गोषवारा वेगळाच उतरतो.

गोषवारा

इथे वेळ घाला, कारण समितीला तुमच्याबद्दल एवढंच दिसणार असतं. साधारण दीडशे ते अडीचशे शब्द मिळतात. त्यात चार गोष्टी आल्या पाहिजेत: प्रश्न, सामग्री, पद्धत आणि हाती आलेला निष्कर्ष. बहुतेक गोषवारे पहिल्या दोन ओळींतच घसरतात. समितीपुढे नेहमी येणाऱ्या धाटणीचा एक नमुना बघा:

‘प्रस्तुत शोधनिबंधात सदर नदीखोऱ्यातील पुरातत्त्वीय स्थळांचा सर्वांगीण आढावा घेण्यात आला असून त्यांच्या सांस्कृतिक महत्त्वावर प्रकाश टाकण्याचा प्रयत्न करण्यात आला आहे.’

यातून एकही माहिती मिळत नाही. आता त्याच कल्पित सर्वेक्षणाचा दुसरा गोषवारा:

‘एका उपनदीच्या दोन्ही काठांवर ४० किलोमीटरच्या पट्ट्यात पायी सर्वेक्षण करून २३ वस्तीस्थानं नोंदवली. त्यांपैकी १९ डाव्या काठावर आहेत. उजव्या काठावर वस्ती कमी होती, की तिथल्या वस्त्या पुराच्या गाळाखाली गेल्या, हे पाहण्यासाठी नदीने कापलेल्या काठाचे चार उभे छेद तपासले. दोन छेदांत दोन मीटर गाळाखाली खापरांचा थर मिळाला. उजव्या काठाचं रिकामेपण निदान काही अंशी गाळामुळे भासणारं आहे.’

दुसऱ्यात प्रश्न आहे, आकडे आहेत, आणि ‘निदान काही अंशी’ या शब्दांत संशोधकाचा संयमही आहे. वाचणाऱ्याच्या मनात लगेच प्रश्न उभा राहतो की उरलेल्या दोन छेदांचं काय? तो माणूस तुमच्या सत्राला येणार.

काम अजून सुरू असेल तर तसं स्पष्ट लिहा, पण ‘निष्कर्ष परिषदेत मांडले जातील’ अशी ओळ टाकू नका. पूर्ण निष्कर्ष नसेल तर आतापर्यंत काय दिसतंय ते सांगा. शीर्षकात प्रदेश, काळ आणि प्रश्न येऊ द्या. ‘एक अभ्यास’ हे शब्द वगळले तर काहीच बिघडत नाही.

सामग्री कोणाची आहे?

गोषवारा पाठवण्याआधीच हे मिटवा. उत्खननात तुम्ही खंदक सांभाळला असला तरी ती सामग्री मांडण्याचा निर्णय उत्खनन-संचालकांचा असतो. त्यांची लेखी संमती घ्या, साधा ईमेलही पुरतो. सहलेखकांची नावं आणि क्रम ठरवा. ज्यांनी हाडं ओळखली, परागकण मोजले, रेखाटनं केली, त्यांचं नाव कुठे येणार हेही आत्ताच बोलून घ्या. नंतर होणारे बरेचसे मनस्ताप या एका संभाषणाने टळतात. परवानगी घेऊन केलेलं काम असेल तर परवाना देणाऱ्या खात्याच्या अटी वाचा. अहवाल सादर होण्याआधी सामग्री जाहीर करण्यावर बंधनं असू शकतात.

कुठून आली ते माहीत नसलेल्या वस्तू, खासगी संग्रहातली नाणी, बाजारात विकत मिळालेल्या मूर्ती यांवर निबंध करण्याचा मोह होतो. अनेक संस्था अशा वस्तूंचं पहिलं प्रकाशन स्वीकारत नाहीत, आणि युनेस्कोच्या सांस्कृतिक संपत्तीविषयीच्या कराराचं १९७० हे वर्ष त्यासाठी सीमारेषा मानलं जातं. कारण सरळ आहे: अभ्यासकाने छापलं की वस्तूला प्रतिष्ठा मिळते, किंमत चढते, आणि पुढच्या टेकाडावर रात्री कुदळ पडते.

त्याच कारणाने स्थळांचे अचूक अक्षांश-रेखांश पडद्यावर दाखवू नका. वस्त्यांची मांडणी समजेल इतकाच नकाशा पुरे. लोक स्लाइडचे फोटो काढतात आणि ते कुठे पोचतील याचा नेम नसतो. मानवी सांगाड्यांचे फोटो तर फारच विचार करून. वंशज समाजाची संमती आहे का, परिषदेचे नियम काय आहेत, हे आधी पाहा. बरेचदा साधं रेखाटन तेच काम करतं आणि कोणालाही दुखवत नाही.

पंधरा मिनिटांचा निबंध

पंधरा मिनिटांचं सत्र म्हणजे बारा मिनिटं बोलणं आणि तीन मिनिटं प्रश्न. चित्रं दाखवत सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. म्हणजे तुमचा मजकूर बाराशे ते दीड हजार शब्दांचा. प्रबंधाचं प्रकरण कापून त्यात बसत नाही. निबंध नव्याने लिहावा लागतो.

पहिल्या मिनिटात प्रश्न सांगा. दुसऱ्यात नकाशा. प्रदेशाचं भूगोलवर्णन, पर्जन्यमान, १९ व्या शतकापासून कोणी कोणी इथे काम केलं त्याची यादी, हे सगळं गाळा. समोर बसलेल्यांना तो प्रदेश पाठ आहे. पद्धतीवर दोन मिनिटं द्या आणि त्यात माणसं काय विचारतील ते आधीच सांगून टाका: किती अंतराने चाललात, जमीन नांगरलेली होती की गवताखाली, सगळी खापरं उचललीत की निवडक. ‘स्थळ मिळालं नाही’ आणि ‘स्थळ नव्हतं’ यांतला फरक याच तपशिलांवर ठरतो. मग सहा-सात मिनिटं पुराव्याला. उरलेल्या वेळात निष्कर्ष, त्यातली शंका, आणि सभागृहाला तुम्ही विचारत असलेला प्रश्न.

हा शेवटचा प्रश्न उघडपणे विचारा. ‘गाळाखालच्या थरापाशी मिळालेली ही पाच खापरं आहेत. त्यांचं पोत वरच्या वस्त्यांमधल्या खापरांपेक्षा वेगळं आहे. शेजारच्या खोऱ्यात कोणी असं पाहिलंय का?’ असं म्हणून ती स्लाइड प्रश्नोत्तरं संपेपर्यंत पडद्यावर ठेवा. ‘धन्यवाद’ एवढंच लिहिलेली स्लाइड तीन मिनिटं दाखवत राहण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगाचं.

वाचून दाखवावं की बोलावं? मला विचाराल तर पहिल्यांदा उभं राहणाऱ्याने पूर्ण मजकूर लिहावा, सुरुवातीच्या आणि शेवटच्या चार ओळी पाठ कराव्यात आणि मधलं स्लाइडच्या आधाराने बोलावं. पूर्ण वाचायचंच असेल तर वाक्यं कानाला झेपतील इतकी आखूड करा.

नकाशे, छेद, खापरं आणि तारखा

पुरातत्त्वाच्या निबंधात चित्र हाच पुरावा असतो, म्हणून इथे हात आखडता घेऊ नका.

नकाशावर उत्तर दिशा आणि मोजपट्टी हवीच. ‘१:५०,०००’ असं प्रमाण लिहून भागत नाही, कारण पडद्यावर नकाशा किती मोठा होईल ते माहीत नसतं. काढलेली पट्टी नकाशाबरोबरच लहान-मोठी होते. काळ दाखवायला लाल आणि हिरवे ठिपके वापरू नका. हे दोन रंग वेगळे न दिसणारी माणसं सभागृहात असू शकतात. आकार बदला: वर्तुळ, त्रिकोण, चौकोन.

छेदाची स्लाइड जवळून पाहू. फोटो आणि रेखाटन शेजारीशेजारी ठेवा, दोन्हींची उंची सारखी करा, म्हणजे डोळा एका थरावरून सरळ दुसऱ्यावर जातो. थरांचे क्रमांक दोन्हीकडे तेच. रेखाटनातल्या पंधरा थरांपैकी तुमच्या मुद्द्याशी संबंध असलेले तीनच रंगवा, बाकीचे फिके राहू द्या. नमुना जिथून घेतला तिथे ठळक खूण करा. बोलताना आधी ‘वरून खाली पाहू’ किंवा ‘खालून वर’ हे सांगा, कारण लोक दोन्ही तऱ्हांनी वाचतात. खड्डे, बिळं, मुळं यांनी थर कुठे फाटलेत ते लपवू नका. अनुभवी डोळ्यांना ते दिसतंच, आणि तुम्ही स्वतः दाखवलंत तर बाकीच्या वाचनावरही विश्वास बसतो. थरांचा आपसातला क्रम गुंतागुंतीचा असेल तर एडवर्ड हॅरिस यांनी १९७३ मध्ये मांडलेली आकृती वापरा, पण अख्ख्या उत्खननाची नको. मुद्द्यापुरता तुकडा घ्या.

खापरांचे फोटो आकर्षक दिसतात, पण आकार रेखाटनातूनच कळतो. कड, मान, पोट, बूड ओळखू येतील अशी रेखाटनं एका स्लाइडवर सहा-आठच ठेवा, सगळी एकाच प्रमाणात. आणि टक्केवारी जपून. बारा खापरांतली तीन म्हणजे २५ टक्के, हे गणित बरोबर असलं तरी ऐकणाऱ्याची दिशाभूल करतं. ‘बारापैकी तीन’ असंच लिहा.

कार्बन-१४ च्या तारखांबाबत, म्हणजे जुन्या कोळशात किंवा बियांत उरलेल्या कार्बनवरून काढलेल्या वयांबाबत, सभागृह कडक असतं, आणि ते योग्यच आहे. नुसतं ‘इ.स.पू. १२००’ चालत नाही. प्रयोगशाळेचा क्रमांक, मोजलेलं वय त्याच्या अधिक-उण्यासह, नमुना कशाचा होता, आणि कॅलिब्रेट केलेला, म्हणजे कॅलेंडरच्या वर्षांत बदललेला, कालावधी किती संभाव्यतेचा, एवढं द्या. मोजलेलं वय ‘आजपासून इतकी वर्षं’ असं देतात तेव्हा ‘आज’ म्हणजे १९५० साल. हा बदल करायला कोणता वक्र (आलेख) वापरला तेही लिहा. उत्तर गोलार्धासाठी सध्या इंटकॅल२० आहे, दक्षिणेसाठी एसएचकॅल२०. नमुना लाकडी कोळशाचा असेल तर प्रश्न हमखास येणार: झाड किती जुनं होतं? मोठ्या वृक्षाच्या गाभ्याचा कोळसा चुलीतल्या आगीपेक्षा शेकडो वर्षं जुनी तारीख देऊ शकतो, म्हणून एका हंगामात वाढलेलं धान्याचं बी अधिक भरवशाचं. इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात तर वक्र सपाट होतो आणि चांगला नमुनाही तीन-चार शतकांचा पसारा देतो. तुमची वस्ती त्या काळातली असेल तर ही अडचण आपणहून सांगा आणि खापरांचा क्रम आधाराला घ्या.

फाइलबद्दल थोडक्यात. देवनागरी मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. जुने फॉन्ट दुसऱ्या संगणकावर अक्षरांचा चुराडा करतात. पीडीएफ प्रत पेन ड्राइव्हवर आणि ईमेलवरही ठेवा. पडदा रुंद आहे की चौकोनी, ते आयोजकांना विचारा. लॅपटॉपपासून तीन मीटर मागे सरका. जे अक्षर वाचता येत नाही ते मोठं करा किंवा काढा.

पोस्टर मिळालं तर

बोलण्याऐवजी काम एका मोठ्या कागदावर मांडून फलकावर लावायला सांगितलं, तर ते पोस्टर दुय्यम समजू नका. प्रश्न विचारायला आलेल्याला पोस्टर निबंधापेक्षा सोयीचं पडतं, कारण पंधरा मिनिटांची घंटा नसते. ए-शून्य कागद ८४.१ बाय ११८.९ सेंटिमीटरचा असतो, पण फलक आडवा की उभा ते आधी विचारा. मधोमध एकच मोठं चित्र ठेवा आणि वर निष्कर्षाचं पूर्ण वाक्य लिहा. शेजारी उभे राहा, आणि कोणी थांबलं की ‘तुम्ही कोणत्या भागात काम करता?’ असं विचारून सुरुवात करा.

सराव

घड्याळ लावून, उभं राहून, मोठ्याने. मनात वाचलेला निबंध नेहमीच वेळेत संपतो, तो हिशेब धरू नका. एकदा विषयातल्या माणसापुढे आणि एकदा विषयाशी संबंध नसलेल्या माणसापुढे करा. दुसरा जिथे गोंधळतो तिथे बहुधा वाक्यच फसलेलं असतं. वेळ कमी पडली तर कोणत्या दोन स्लाइड सोडायच्या ते ठरवून ठेवा, कारण आधीचे वक्ते लांबले तर सत्राध्यक्ष तुमचीच मिनिटं कापतील.

त्या दिवशी

सत्र सुरू होण्याआधी फाइल चालवून पाहा, सत्राध्यक्षांना भेटा, नावाचा उच्चार सांगा. आपला निबंध झाला की उठून जाऊ नका. त्याच सत्रातल्या इतर वक्त्यांचं पूर्ण ऐकणं ही साधी रीत आहे, आणि आपल्या कामाशी धागा तिथेच जुळतो.

प्रश्नोत्तरांची भीती बहुतेकांना असते. प्रश्न आला की तो टिपून घ्या. तेवढ्यात विचाराला वेळ मिळतो. आपल्या कल्पित उदाहरणात एखाद्या ज्येष्ठ संशोधक उठून विचारतील, ‘ही खापरं थरातली आहेत की वरून घसरून आलेली?’ याला उत्तर असं: ‘मॅडम, पाचपैकी तीन छेदात रुतलेली होती, त्यांचा फोटो हा. उरलेली दोन पायथ्याशी पडलेली होती, म्हणून मोजणीत धरलेली नाहीत.’ इतकंच. माहीत नसेल तर ‘ते तपासलेलं नाही, पण तपासता येईल’ म्हणा आणि कसं ते एका वाक्यात सांगा. प्रश्नाच्या नावाखाली कोणी भाषण करू लागलं तर वाद घालू नका. ‘यावर आपण नंतर सविस्तर बोलू’ म्हणा आणि खरोखरच बोला.

चहाच्या सुट्टीत रेखाटनांच्या छापील प्रती हातात असू द्या. मूळ वस्तू परवानगीशिवाय हलवायच्या नाहीत, पण प्रमाणात काढलेलं खापराचं रेखाटन आणि मोडलेल्या कडेचा जवळून घेतलेला फोटो पाहून जाणती माणसं पुष्कळ सांगतात. माती कशी मळली, भाजणी कशी होती, कड चाकावर वळवली की हाताने, यावर दोघा-तिघांत तिथल्या तिथे चर्चा सुरू होते. कोणी काय म्हणालं ते नावासकट त्याच पानावर लिहा.

इतरांचं ऐकताना स्लाइडचा फोटो विचारूनच काढा. अप्रकाशित माहिती वापरायची असेल तर त्या व्यक्तीची परवानगी घेऊन ‘वैयक्तिक संवाद’ असा उल्लेख करा. स्वतः प्रश्न विचारताना एकच विचारा आणि तो वक्त्याच्या सामग्रीबद्दल असू द्या. परिषदेला जोडून क्षेत्रभेट असेल तर ती चुकवू नका. उत्खननकर्त्यासोबत छेदासमोर उभं राहिलं की अहवालात न लिहिलेल्या कितीतरी गोष्टी कळतात: कुठला थर ओला असताना वेगळा दिसायचा, कुठली भिंत वाटली पण निघाली नाही.

परतल्यावर

आठवडाभराच्या आत टिपणं उतरवून काढा, नंतर ती आपल्यालाच वाचता येत नाहीत. ज्यांनी काही सांगितलं त्यांना दोन ओळींचं पत्र पाठवा, आणि ज्या छेदाचं किंवा अहवालाचं नाव निघालं त्याची चौकशी त्याच पत्रात करा. मोघम ‘संपर्कात राहू’ला फारशी उत्तरं येत नाहीत, ‘तुम्ही म्हणालात त्या कडेचं रेखाटन पाहायला मिळेल का?’ याला येतं.

मग लेख. परिषदेची कार्यवाही, म्हणजे तिथल्या निबंधांचा छापील संग्रह, निघणार असेल तर मुदत आणि शब्दमर्यादा विचारून घ्या. निघणार नसेल तर प्रादेशिक नियतकालिकाकडे वळा, तिथे लहान क्षेत्रीय अहवालांनाही जागा असते. बोलण्याचा मजकूर जसाच्या तसा पाठवू नका. आता गाळलेलं सगळं परत येऊ द्या: आधीच्या कामाचा आढावा, सर्व स्थळांचं कोष्टक, तारखांचे पूर्ण तपशील, सभागृहात ज्यांनी दुरुस्ती सुचवली त्यांचा नावानिशी उल्लेख. आणि ज्या दोन छेदांत खापरं मिळाली नाहीत, त्यांची रेखाटनंही त्याच लेखात छापा. शेजारच्या खोऱ्यात पुढच्या हंगामात काम करणाऱ्याला त्यांची गरज पडेल.